शक्तीमध्ये सतार नाहीये भाऊ

जळगावात भरीत पार्टीला कोणी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा 'शक्ती' बँड लावला की एक जण तरी म्हणतोच, काय सतार वाजवतोय! भाऊ, सतार नाहीये ती. १९७५ ला लाइव्ह रेकॉर्ड झालेल्या पहिल्या अल्बमवर एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, घटम (म्हणजे मातीचा घडा), मृदंगम आणि मॅक्लॉफ्लिनची अकूस्टिक गिटार, बस. पण शक्तीच्या काळात त्याने गिटार मुद्दाम बनवून घेतली, नेहमीच्या तारांखाली तिरप्या सात तरफेच्या तारा (मुख्य तारांसोबत आपोआप झंकारणाऱ्या, सतारीत असतात तशा), आणि फ्रेटांमधलं (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं) लाकूडपण खोलगट कोरलेलं, म्हणजे तार ओढून मस्त मींड काढता येते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, त्यामुळे कान फसतो. आणि मॅक्लॉफ्लिनचं 'महाविष्णू' हे नाव ऐकून त्याला इंडियन समजू नका, माणूस यॉर्कशायरचा, ते नाव त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं.