एक प्रांत वजा केल्यावर

१९७० च्या निवडणुकीत पाकिस्तानच्या राष्ट्रीय असेंब्लीतल्या ३०० सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या, सगळ्या पूर्व पाकिस्तानातल्या. झुल्फिकार अली भुत्तोंच्या पीपल्स पार्टीला ८१ मिळाल्या, सगळ्या पश्चिमेतल्या. वर्षभरात बांगलादेश वेगळा झाला. पश्चिमेत उरल्या १३८ जागा, त्यात भुत्तोंच्या ८१ होत्याच. एकही नवं मत न पडता दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बहुमतात आला, आणि २० डिसेंबर १९७१ ला भुत्तो राष्ट्राध्यक्ष झाले.

प्रांत फुटून निघतो तेव्हा नकाशासोबत मतदारयादीही फाटते. मात्र मागे उरलेल्या देशाचं राजकारण किती हलणार, हे प्रांत केवढा मोठा यापेक्षा तिथलं मतदान किती एकतर्फी यावर ठरतं. उरलेल्या देशासारखंच मत देणारा प्रांत गेला, तर संसदेतल्या खुर्च्या कमी होतात, पक्षांचं बलाबल तेच राहतं.

ब्रिटनच्या संसदेसाठी स्कॉटलंडचं मतदान असं एकतर्फी होतं, मजूर पक्षाकडे झुकलेलं. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात तिथल्या ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नकार दिला. त्या काळात एक वाक्य सर्रास ऐकू यायचं: स्कॉटलंड गेला की ब्रिटनमध्ये मजूर पक्षाची सत्ता कायमची संपली. वजाबाकी करून बघू. २०१० मध्ये ६५० जागांपैकी हुजूर पक्षाला ३०६ मिळाल्या, म्हणजे बहुमत हुकलं आणि लिबरल डेमोक्रॅट्सना सोबत घ्यावं लागलं. आता स्कॉटलंडच्या ५९ जागा काढा. सभागृह ५९१ चं, बहुमताला २९६ पुरे. हुजूर पक्षाची तिथे एकच जागा होती, म्हणजे ३०५ शिल्लक. आघाडीची गरजच नाही! मजूर पक्षाचे मात्र २५८ पैकी ४१ खासदार जातात.

पण 'कायमची' हा शब्द गणितात बसत नाही. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या ४१८ जागांतून स्कॉटलंडच्या ५६ काढल्या तरी ५८७ पैकी ३६२ उरतात, भक्कम बहुमत. २०२४ मध्येही तसंच. खरी पंचाईत होते ती काठावरच्या निवडणुकांत. ऑक्टोबर १९७४ मध्ये मजूर पक्षाला ६३५ पैकी ३१९ जागा होत्या. स्कॉटलंडच्या ४१ वजा केल्या की ५६४ च्या सभागृहात २७८, बहुमताला पाच कमी.

शिवाय प्रांताचा कल म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. १९५५ मध्ये याच स्कॉटलंडने ७१ पैकी ३६ जागा हुजुरांच्या पदरात टाकल्या होत्या, १९९७ मध्ये त्यांना एकही दिली नाही. २०१५ मध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने ५९ पैकी ५६ जागा नेल्या आणि मजूर पक्षाकडे एक उरली. सार्वमत स्वातंत्र्यवादी हरले होते, तरी तिथला बालेकिल्ला मजूर पक्षाचाच ढासळला.

या वजाबाकीचा मोठा दोष असा, की ती पक्षांना पुतळे समजते. शाळेतला मध्यक आठवा. १०१ मतदार डावीकडून उजवीकडे विचारांप्रमाणे ओळीत उभे केले, तर ५१ वा मधला. त्याला पटवेल तो जिंकेल. आता डावीकडच्या पहिल्या पन्नासांतले कुठलेही दहा निघून गेले. उरलेल्या ९१ जणांत मधला ठरतो तो, जो आधी ५६ वा होता. डावा पक्ष एखाददोन निवडणुका हरेल, मग या नव्या मधल्याकडे सरकेल आणि पुन्हा जिंकू लागेल. त्यामुळे माझ्या मते पक्षाचं नुकसान तात्पुरतं असतं. त्याच्या जुन्या धोरणांचं जास्त टिकतं.

आणि वेगळा झालेला प्रांत? स्वातंत्र्य या एकाच मागणीने बांधलेला पक्ष ती पुरी झाल्यावर कशाने बांधून ठेवायचा? आयर्लंडमध्ये स्वातंत्र्यवाद्यांत फूट पडली ती थेट ब्रिटनपासून वेगळं होण्याच्या १९२१ च्या तहावरून. तह न मानणाऱ्यांतून १९२६ मध्ये फियाना फॉल निघाला, मानणाऱ्यांच्या परंपरेतून १९३३ मध्ये फिना गेल. आर्थिक धोरणांत दोघांत फारसं अंतर नव्हतं, बाहेरच्या माणसाला तर फरक सांगताही येत नसे. तरी घराणीच्या घराणी आजोबांच्या बाजूने मत देत राहिली. दोघे एका सरकारात प्रथम बसले ते जून २०२० मध्ये, पंतप्रधानपद आळीपाळीने घ्यायच्या बोलीवर. आधी फियाना फॉलचे मीहॉल मार्टिन, मग डिसेंबर २०२२ मध्ये फिना गेलचे लिओ वराडकर.