वाहतूक सिग्नल : वाहनचालक आणि पादचारी यांची कर्तव्ये (बेळगाव सीमाभाग)

चौकात एकमेकांना छेदणाऱ्या रहदारीला आळीपाळीने वाट देणारी दिव्यांची यंत्रणा म्हणजे वाहतूक सिग्नल. पहिला सिग्नल लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला. तो गॅसवर चाले आणि त्याला लाल व हिरवा असे दोनच दिवे होते. क्लीव्हलँडमध्ये विजेचा सिग्नल १९१४ साली लागला, तर पिवळा धरून तीन रंगांचा सिग्नल १९२० मध्ये डेट्रॉइटमध्ये आला.

बेळगाव सीमाभागात सिग्नलशी खरा संबंध येतो तो बेळगाव शहरात. राणी चन्नम्मा चौक किंवा आरपीडी क्रॉस अशा ठिकाणी शहर बस, रिक्षा, कॉलेजच्या मुलांच्या दुचाक्या आणि खानापूर, निपाणी, चंदगडकडून कामाला व बाजाराला आलेली माणसे एकाच वेळी येऊन मिळतात. बेळगावच्या केए-२२ शेजारी कोल्हापूरची एमएच-०९ आणि गोव्याच्या पाटीची गाडी उभी असते. १९८८ चा मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला म्हणून लाल दिव्याचा अर्थ बदलत नाही.

लाल दिव्याला वाहन थांबवायचे, हे सगळ्यांना माहीत असते. कुठे थांबवायचे, हे मात्र पाळले जात नाही. जागा ठरलेली आहे : झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे आखलेली आडवी पांढरी रेषा, म्हणजे स्टॉप लाइन. पुढचे चाक तिच्या अलीकडे हवे. संध्याकाळी चौकात पाहावे, तर दुचाक्या एकेक करून पुढे सरकतात, मग रिक्षा सरकते, आणि दिवा सुटण्याआधीच झेब्रा पट्टे चाकांखाली गेलेले असतात. पिशवी घेतलेली बाई मग दोन हँडलांमधून वाट काढते किंवा वळसा घालून थेट चौकाच्या मध्यावरून जाते. लाल दिवा न तोडताही पादचाऱ्याची वाट हिरावली जाते ती अशी, आणि माझ्या मते सिग्नलच्या शिस्तीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. सह्याद्रीकडून येणाऱ्या पावसाने आणि वर्दळीने रेषा पुसट होते, हे खरे. पण रेषा दिसत नसली तरी झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडेच थांबायचे असते.

पिवळा दिवा ‘थांबा’ असेच सांगतो. वाहन रेषेच्या इतके जवळ आले असेल की एकदम थांबवणे धोक्याचे ठरेल, तरच पुढे जायची मुभा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. दिवा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर तिथेच संपते. ओल्या रस्त्यावर पुढची घसरण आणखी लांबते. म्हणून चौक जवळ आला की वेग आधीच कमी करावा लागतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तर हे जास्तच लागू पडते. तो झटकन थांबत नाही आणि चौकातून लवकर बाहेरही पडत नाही. त्याची मागची ट्रॉली अजून चौकात असताना आपला दिवा हिरवा झाला, तर ती पार होईपर्यंत थांबणे हे हिरवा मिळालेल्याचे काम.

हिरवा दिवा पुढे जाण्याची परवानगी देतो, तीही पुढची वाट मोकळी असेल तर. पलीकडे गाड्या तुंबल्या असतील तर चौकात शिरू नये. टिळकवाडीत रेल्वे गेट पडले की रांग कशी मागे वाढत जाते, हे तिथल्यांना सांगायला नको. वळणाऱ्या चालकाने, ज्या रस्त्यात तो शिरतो आहे तो ओलांडणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. डावीकडे मोकळे वळण दिलेले असले तरी हेच. बाणाचा दिवा फक्त त्या दिशेपुरता असतो. लाल दिवा लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून, पाहून जावे. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून.

चौकात उभ्या रहदारी पोलिसाचा इशारा दिव्यापेक्षा वरचढ असतो. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीला किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांना वाट करून देताना याचा अनुभव येतो. दिवे बंद असतील आणि पोलीसही नसेल, तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रुग्णवाहिकेला वाट न देण्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

पादचाऱ्यालाही नियम आहेत. झेब्रा पट्ट्यांवरूनच ओलांडावे. चालत्या माणसाचे हिरवे चित्र लागल्यावर निघावे, उभ्या माणसाचे लाल चित्र असताना नाही. हिरवे चित्र लुकलुकू लागले की नव्याने पाऊल टाकू नये. जो मध्यावर आहे त्याने ओलांडणे पूर्ण करावे. असे चित्र नसेल तर समोरची वाहने थांबली आहेत याची खात्री करून निघावे. पादचाऱ्यांचा वेळ ठरवताना सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर चाल धरतात. म्हणजे १५ मीटर रस्त्याला साडेबारा सेकंद. ही धडधाकट माणसाची चाल आहे. चन्नम्मा चौकाजवळ सरकारी दवाखाना आणि न्यायालय असल्याने तिथे आजारी आणि म्हातारी माणसे रोज ये-जा करतात, आणि काठी टेकत जाणाऱ्याला एवढा वेळ पुरत नाही. असा कोणी रस्त्यात असताना चालकाचा दिवा हिरवा झाला, तरी तो माणूस फुटपाथवर पोचेपर्यंत वाहन जागचे हलवायचे नसते, आणि मागून हॉर्नही द्यायचा नसतो.