‘तिलावा’: मशीद बंदरातली वही आणि तिच्यात न बसणारी माणसं

नवी मुंबईत येऊन राहिलेल्या कितीतरी कोकणी घरांत आजोबा-पणजोबा ‘बोटीवर’ होते. महायुद्धात त्यांच्यापैकी कुणी परतलं नसेल, तर नाव शोधायची जागा हार्बर लाइनवरच आहे: मशीद स्टेशनच्या पूर्वेला, इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या युद्धातली सहा हजारांवर नावं वहीत आहेत. तशीच वही चितगावच्या युद्धस्मशानभूमीतही आहे.

एस. एस. तिलावा ही ब्रिटिश इंडिया कंपनीची १९२४ सालची, दहा हजार टनी बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून मोंबासा, मापुतो, डर्बनकडे एकटीच निघाली. ७३२ प्रवासी, २२२ अधिकारी-खलाशी, ४ तोफची, आणि मालात चांदीच्या लगडी. २३ तारखेला उत्तररात्री, सेशेल्सच्या ईशान्येला, जपानी पाणबुडी आय-२९ ने तिला टॉर्पेडो मारला. हीच पाणबुडी पुढच्या एप्रिलमध्ये मादागास्करजवळ नेताजींना घ्यायला आली होती.

पहिल्या टॉर्पेडोने बोट बुडाली नव्हती. अंधारात लाइफबोटींवर झुंबड उडाली, तिथेच बरेच जण गेले. बोट तरंगतेय म्हणून काही जण परत फिरू लागले, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. रेडिओ अधिकारी डंकन तोवर संदेश पाठवतच होते. एकूण २८० माणसं गेली. वाचलेल्या ६७८ पैकी जवळपास सगळ्यांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचललं आणि २७ तारखेला मुंबईत आणून सोडलं.

मशीदची वही कामावर असताना गेलेल्या नाविकांची आहे, त्यामुळे तिकीट काढून निघालेला माणूस तिच्यात बसत नाही. चांदीचं मात्र तसं झालं नाही. २०१७ मध्ये अडीच किलोमीटर खोलीवरून दोन हजारांवर लगडी वर काढल्या गेल्या, आणि त्यांचा वाद २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

खलाशाचं नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत शोधताना आधी बोटीचं नाव टाका. माणसाच्या नावाने शोधलं तर हमखास फसायला होतं: इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर, आडनाव बहुधा नाहीच, आणि एकाच नावाचे डझनभर. वडिलांचं नाव किंवा गाव नोंदलेलं असेल तरच खात्री धरावी. प्रवासी असेल, तर ‘तिलावा’च्या वारसांनी स्वतः जमवलेल्या याद्यांकडे वळावं लागतं.