आम्लपित्ताची गोळी थांबवली की जळजळ का वाढते?

अल्सरच्या रुग्णाला एकेकाळी तासातासाला दूध-मलई पाजत, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जठराचा तुकडा कापून काढत. हे चित्र पालटलं ते १९७६ मध्ये, सिमेटिडिन आल्यावर. आम्ल तयार करा हा हिस्टामिनचा निरोप जठराच्या पेशींपर्यंत पोचूच न देणारं हे औषध जेम्स ब्लॅक यांच्या गटानं शोधलं. त्याआधीचं मेटियामाइड पांढऱ्या पेशी घटवतं म्हणून सोडून द्यावं लागलं होतं.

त्यानंतरच्या ओमेप्राझोल या औषधानं तर जठराच्या पेशींतला आम्ल सोडणारा पंपच बंद पाडला. गंमत म्हणजे हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि त्यांवर लेप असतो. दाणे चावले की लेप फुटतो, औषध वाया. जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं तेही उगाच नाही. पंप जेवताना कामाला लागतात आणि चालू पंपावरच ते बसतं.

१९८४ मध्ये याच्या चाचण्या थांबल्या होत्या. जन्मभर मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी सापडल्या. शोध गॅस्ट्रिनपाशी पोचला: आम्ल घटलं की शरीर हे संप्रेरक वाढवतं आणि आम्लासाठी तगादा लावतं. उंदरांत तो विकोपाला गेला होता. अखेर चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८८ मध्ये औषध बाजारात आलं.

त्याच दशकात मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी बहुतेक अल्सरांमागे जिवाणू असल्याचं दाखवलं. अल्सर आता थोड्या दिवसांच्या अँटिबायोटिकनं बरा होऊ लागला, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालू राहू लागल्या. मग इशारे आले: २०१० मध्ये फ्रॅक्चर, २०११ मध्ये मॅग्नेशियम घटणं. यातली बरीच भीती मला फुगवलेली वाटते. २०१९ मध्ये १७ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत पँटोप्राझोल या त्याच जातीच्या औषधामुळे फक्त आतड्याचे संसर्ग वाढलेले दिसले. सिमेटिडिनच्या जातीचं रॅनिटिडिन मागे घेतलं गेलं ते एनडीएमए या, कर्करोगाचा संशय असलेल्या अशुद्धीमुळे. तो प्रश्न वेगळा.

गॅस्ट्रिनचा तगादा मात्र माणसांतही असतो, आणि गोळी थांबली की त्यामुळेच आम्ल उसळतं. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल हे ओमेप्राझोलचंच भावंड दिलं, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. औषध थांबवल्यावर पहिल्या गटातल्या ४४ टक्क्यांना जळजळ किंवा अपचनाचा त्रास झाला, दुसऱ्यात १५ टक्क्यांना. पूर्वी यांतल्या कुणालाच तसा त्रास नव्हता. खऱ्या रुग्णाला मात्र हे जुनं दुखणं परतल्यासारखंच वाटतं, आणि तो पुन्हा गोळी सुरू करतो.