डुला, दाई आणि सव्वा महिना: थोडी पार्श्वभूमी

डुला म्हणजे बाळंतिणीला सोबत आणि आधार देणारी बाई. हा शब्द काढला की जळगाव-धुळ्याकडे पहिला प्रश्न येतो, "डिलिव्हरीला येते तीच ना?" आणि गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण हा शब्द मुळात डिलिव्हरीनंतरचा होता. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दासी, म्हणून काही जणींना तो आजही खटकतो. 1973 साली एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्तनपानावरच्या पुस्तकात तो वापरला, बाळ झाल्यावर आईजवळ राहणारी, तिचं खाणंपिणं बघणारी, पाजायला धीर देणारी बाई या अर्थाने. मग 1980 मध्ये ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलचा अभ्यास छापून आला, कळा चालू असताना कुणी बाई जवळ बसून राहिली तर बाळंतपण लवकर होतं असं त्यात दिसलं, आणि सगळ्यांचं लक्ष लेबर रूमकडे वळलं. ट्रेनिंग, सर्टिफिकेट त्याच बाजूने वाढलं आणि मूळ अर्थाला "पोस्टपार्टम" (बाळंतपणानंतरची) हे शेपूट लावायची वेळ आली. ज्या कामासाठी शब्द आला तेच काम मागे पडलं.

आपल्याकडे दाईचंही असंच झालं. नाळ ती कापायचीच, पण तिचा मोठा पसारा त्यानंतरचा. पाटावर पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर बाळ, पाणी आधी कोपराने बघायचं, मग बाळंतिणीचं अंग चोळायचं, जुन्या लुगड्याने पोट बांधायचं, शेक, ओवा-शोपाची धुरी. सव्वा महिना. मोबदल्यात लुगडं आणि पायली-दोन पायली दादर ज्वारी. "तू फक्त पोऱ्याले पाज, बाकीनं मी देखसू" असं म्हणणारी ती बाई.

सरकारने दाईंना ट्रेनिंग दिलं तेव्हा भर होता स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ यावर. म्हणजे परत बाळंतपणाचीच घटका. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात डिलिव्हरी झाली की पैसे, आणि दाई बाजूला पडली. यावर अजून वाद होतात. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पावसाळ्यात रस्ताच नसेल तर गाडी येणार कशी, हा प्रश्न खराच होता. तरी बाई रक्तस्रावाने घरीच दगावण्यापेक्षा दवाखाना बरा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दाईसोबत तिचा सव्वा महिनाही गेला, त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नाही.

2011 पासून आशाताई घरी येतात, दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर 42 दिवसांत 6 भेटी. घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत नव्वदच्या दशकात गडचिरोलीत करून दाखवलेली. वजन, ताप, पाजणं नीट चाललंय का, सगळं बघतात, आणि ते लागतंच. पण रात्री 3 ला रडणारं बाळ घ्यायला आशाताई कशा येणार?

जुनं सगळं चांगलंच होतं असंही नाही. पहिला चीक काढून टाकायचे, बंद खोलीत धूर, कानात तेल, मध चाटवणं. चांगली डुला हे करत नाही, औषधही देत नाही, ताप किंवा जास्त रक्त जाताना दिसलं की दवाखान्यात जा म्हणते.

आता मुलगी पुण्याला नाहीतर सुरतला, माहेरी आई स्वतःच कामावर. 2017 पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळांसाठी कायद्याने 26 आठवडे रजा आहे, शेतमजूर बाईला त्यातलं काहीच नाही, आणि प्रायव्हेटमधल्या बापाला कायद्याने एक दिवससुद्धा नाही.

माझ्या मावसबहिणीकडे धुळ्यात मालिशवाली मावशी यायची, सकाळी पाऊण तास, लगेच पुढचं घर. बाराव्या दिवशी बहीण नुसती रडत होती. मावशीने बाळ मांडीवर घेतलं, "तू झोप" म्हणाली आणि दोन तास बसून राहिली, मधे दुसऱ्या घरचे फोन येत होते. निघताना बहिणीने जास्तीचे पैसे पुढे केले तर घेतले नाहीत, मालिशचे तेवढे घेतले.