वाय क्रोमोसोम भावकी दाखवतो, माणूस नाही

गोत्र म्हणजे ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी ओळखलेला वाय क्रोमोसोम (बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा डीएनएचा तुकडा), हा फॉरवर्ड परत फिरतोय आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतायत. त्या सगळ्यांना इटलीतली एक केस सांगायचीय.

आल्प्सच्या पायथ्याशी बेर्गामोजवळ ब्रेंबाते दि सोप्रा नावाचं गाव आहे. २६ नोव्हेंबर २०१० ला तिथली १३ वर्षांची मुलगी जिममधून घरी परत आलीच नाही आणि बरोबर तीन महिन्यांनी काही किलोमीटरवरच्या माळरानात तिचा मृतदेह सापडला. कपड्यांवर एका परक्या पुरुषाचा डीएनए होता, त्याला नाव दिलं 'अज्ञात क्रमांक १'. सरकारी वकील लेतित्सिया रुजेरी यांनी हजारो लोकांचे लाळेचे नमुने घ्यायला लावले, त्यात एका तरुणाचा वाय अज्ञाताच्या वायशी जुळला, बाकीचा डीएनए मात्र जुळेना.

हे असं का होतं ते नीट बघा, मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. क्रोमोसोमच्या बाकीच्या २२ जोड्या दर पिढीला पत्त्यांसारख्या पिसल्या जातात. वायला बरोबरीचा जोडीदारच नाही, एक्स क्रोमोसोमशी त्याची देवाणघेवाण फक्त टोकांना होते, म्हणून बापाचा वाय मुलात जवळपास जसाच्या तसा उतरतो. त्यावर काही ठिकाणी डीएनएची चार अक्षरं, समजा जी-ए-टी-ए, लागोपाठ येत राहतात, कुणाकडे १३ वेळा तर कुणाकडे १५. अशा पंधरा-वीस ठिकाणांचे आकडे ओळीने मांडले की झाला हॅप्लोटाइप. एका ठिकाणचा आकडा एका पिढीत बदलायची शक्यता हजारात दोन-तीन, म्हणजे चुलत, चुलतचुलत, खापरपणजोबापासूनच्या सगळ्या पुरुषांची ओळ जवळजवळ एकच. डोंगरातल्या गावात पिढ्यानपिढ्या तीच घराणी राहत असली की पोलिसांच्या हाती एक माणूस लागत नाही, अख्खी भावकी लागते.

ही भावकी निघाली जस्ताच्या खाणींच्या गोर्नो गावची. चर्चच्या नोंदी चाळून वंशावळ मांडली, त्यात १९९९ ला वारलेला एक बस ड्रायव्हर होता, त्याने कधीतरी चाटून चिकटवलेल्या स्टॅम्पमागे लाळ मिळाली. आता वाय बाजूला ठेवून साधे क्रोमोसोम, म्हणजे त्या २२ जोड्या, घेतले. तिथे प्रत्येक जागी दोन आकडे असतात, एक बापाचा, एक आईचा, आणि अज्ञाताचा एकेक आकडा ड्रायव्हरशी जुळत गेला. २०१३ मध्ये कबर उघडून खात्री केली, हाच बाप. पण त्याच्या घरातले मुलगे जुळेनात! म्हणजे आणखी एक मुलगा होता, दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच आडनावाने वाढलेला. मग उरलेल्या आकड्यांवरून आई शोधली आणि जून २०१४ मध्ये नाकाबंदीत दारूची टेस्ट म्हणून मुलाला नळीत फुंकायला लावून त्याचा डीएनए मिळवला.

आता गोत्राचं बोला. कागदावर एक घराणं, शरीरात दुसऱ्याचा वाय. दत्तक गेलं की गोत्र बदलतं, कित्येक घराण्यांनी तर पुरोहिताचंच गोत्र लावलं, वायला यातलं काहीच कळत नाही. उगाच ऋषींच्या नावावर जेनेटिक्स खपवू नका.

आणि 'डीएनए जुळला, केस संपली' हे सिरियलमधलंही खरं धरू नका. त्याच डागातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए, जो फक्त आईकडून येतो, तो आरोपीशी जुळला नाही आणि बचाव पक्षाने यावरच जोर दिला. कोर्टाने म्हटलं की माणसाची ओळख न्यूक्लियर, म्हणजे पेशीच्या केंद्रकातल्या, डीएनएवरून पटते, मायटोकॉन्ड्रियल अख्ख्या मातृवंशात सारखाच असतो. २०१६ मध्ये जन्मठेप झाली, २०१८ मध्ये ती कायम झाली, तो माणूस मात्र गुन्हा आजही नाकारतो.