खट्कन अडकणारं बोट : दुखतंय हाताच्या तळव्यात की हाताच्या पाठीवर?

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांपैकी एखादीचं बोट सकाळी वाकलेलंच राहतं आणि दुसऱ्या हातानं ओढल्यावर खट्कन सुटतं. ‘ट्रिगर फिंगर’ असणार, असं आपण म्हणतो आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण खट्कन वाजणारं प्रत्येक बोट ट्रिगर फिंगर नसतं.

ट्रिगर फिंगरची अडचण तळव्याकडे असते. बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बोटाच्या मुळाशी एका आखूड पट्ट्याखालून जाते. पट्टा जाड झाला किंवा कंडरेला गाठ आली की ती तिथं अडते. तळव्यावर त्या जागी दाबलं की दुखतं, बोट हलवताना गाठ सरकलेली लागते. अंगठ्याला आणि अनामिकेला हे जास्त होतं, मधुमेह असेल तर आणखी.

दुसरा आजार हाताच्या पाठीवरचा. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या हाडांवरून बोट सरळ करणारी कंडरा जाते. तिला दोन्ही बाजूंनी धरणारे पातळ बंध म्हणजे सॅजिटल बँड. त्यातला एक, बहुधा अंगठ्याच्या बाजूचा, फाटला की मूठ वळताना कंडरा हाडावरून करंगळीच्या बाजूला घसरते, जशी रहाटाच्या चाकावरून दोरी उतरावी. बहुधा मधलं बोट सापडतं. फौंड्रीत हातावर बसलेला मार, जुना सांधेवात, कधी नुसती जोरात मारलेली टिचकीही पुरते.

ओळखायचं कसं? आधी कुठला सांधा अडतो ते पाहा. ट्रिगर फिंगरमध्ये बहुधा बोटाचा मधला सांधा अडतो आणि ओढताना अडथळा जाणवून सुटतो. बंध फाटला असेल तर बोट मुळाशीच वाकलेलं राहतं. स्वतःहून सरळ करता येत नाही, पण दुसऱ्या हातानं सहज सरळ होतं आणि सोडल्यावर सरळच राहतं. हाताची पाठ उजेडात धरून सावकाश मूठ वळली की कंडरा घसरताना डोळ्यांना दिसते. सूज असेल तर दिसत नाही. मग सोनोग्राफी करावी, आणि तीही मूठ वळवत, कारण स्थिर हातात कंडरा जागेवरच असू शकते.

हे लवकर कळणं फार गरजेचं आहे. बंध नुकताच फाटला असेल तर बोट मुळाशी सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे बांधून तो पुष्कळदा जुळतो. उशीर झाला की ऑपरेशनची वेळ येऊ शकते. ट्रिगर फिंगर समजून तळव्यात घेतलेल्या इंजेक्शनानं तो जुळत नाही.

मुळाचा सांधा दुसऱ्या हातानंही पूर्ण सरळ होत नसेल, तर आत हाडाच्या वाढीवर सांध्याच्या बाजूचा दुसरा बंध (सॅजिटल बँड नव्हे) अडकलेला असू शकतो. अशा सांध्याला हिसका देऊ नका, आधी एक्स-रे काढा.